आतली खिडकी

"मॅडम, ही खिडकी नेमकी कुठं उघडते?" निकितानं विचारलं, आणि अरफाच्या जिभेवर आलेलं उत्तर बाहेर पडायच्या आतच तिला कळलं, की हे उत्तर खोटं आहे. तरी ती बोललीच. "आतच उघडते. वरच्या पॅसेजमधून खाली जेवणघरात. उजेड खेळतो, हवा खेळती राहते." उजेड आणि हवा! घराला तीन बाजूंनी उजेड होता, आणि नदीकडून येणारं वारं सकाळपासून सुताराचा भुसा घरभर नाचवत होतं. त्या घराला आणखी हवा हवी आहे असं शपथेवर कुणी म्हटलं नसतं. निकितानं मान वर केली. जेवणघराचं छत दोन मजले उंच, आणि त्याच्या एका भिंतीत, वरच्या मजल्यावर, दोन हात रुंद नि तेवढंच उंच असं एक भोक. त्याला ना चौकट ना गज. "म्हणजे आई खालून बघणार, वर कोण उठलंय नि कोण लोळतंय ते?" निकिता म्हणाली. तिची सासू, कुसाबाई, खाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत गुडघे चोळत बसली होती. तिनं तिथूनच उत्तर दिलं, "अन् ही वरून माझ्या ताटात बघणार, म्हातारीनं भाकरी किती मोडल्या ते. नाय बाई. खिडकी बाहेर बघायला असती. घरातल्या घरात कसली आलीय खिडकी?" यावर महेशनं, म्हणजे ज्याचं घर त्यानं, दोन्ही हात जोडले. "मॅडम, ह्या दोघींचं एकमत झालंय. माझ्या लग्नापासून पहिल्यांदा. बुजवून टाका लगेच, असा योग परत यायचा नाही."

सगळे हसले. अरफाही हसली. मग अमोल सर, फर्मचे मालक, हसता हसताच बोलून गेले, "अरफा, हे भोक तू प्रत्येक घरात पाडतेस. माहितीये ना तुला?"

तिला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. ती तिथंच, शेल्फच्या कडप्प्याला हात लावून उभी राहिली आणि मनातल्या मनात एकेक घर उघडून बघायला लागली. इंदिरानगरच्या डॉक्टरीणबाईंचं घर. स्वयंपाकघर आणि अभ्यासाची खोली यांच्यामध्ये एक चौकोन होता खरा. डॉक्टरीणबाईंनी त्यात मनीप्लँट ठेवला. देवळालीच्या रिटायर्ड मेजरसाहेबांचं घर. तिथं व्हरांडा आणि माजघराच्या भिंतीत, बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला. मेजरसाहेब त्यात रेडिओ ठेवतात. पाथर्डी फाट्याला दोन भावांचं जोडघर केलं, तिथं तर सामाईक भिंतीतच काढलं होतं, आणि भावांनी भांडून ते विटांनी बंद केलं. तेव्हा ती खूप दिवस नाराज होती आणि आपण एवढ्याशा भोकासाठी का नाराज आहोत हे तिला कळत नव्हतं. म्हणजे सर म्हणतात ते खरं! कुणी तरी येऊन सांगावं, की तू चालताना डावा खांदा पाडतेस, आणि मग रस्त्यानं जाताना दर पावलाला तो खांदा जाणवत राहावा, तसं तिचं झालं. बरं, ही घरं सरांच्या नावावरची. हे घर तसं नव्हतं. मखमलाबादच्या ह्या घराच्या नकाशावर खाली उजव्या कोपऱ्यात पहिल्यांदा 'रचना : अरफा निसार' असं छापलं होतं. त्या कोपऱ्याची तिनं एक प्रिंट वेगळी काढून कपाटात ठेवली होती, कुणाला सांगितलं नव्हतं. आणि ह्या घराचा तिला अभिमान होता. का नसावा? वीट न् वीट तिनं मनात रचलेली. जिना असा बसवला होता, की चढणाऱ्याला दम लागायच्या जागी बसायला रुंद पायरी मिळावी. कुसाबाईंची खोली अशी, की पडल्या पडल्या त्यांना फाटकात कोण आलं ते दिसावं. अमोल सरांच्या फर्मची एक रीत होती. गिऱ्हाईक आलं की खोल्या किती, बाथरूम किती, हे विचारायचंच नाही. म्हणायचं, तुमचा दिवस सांगा. सकाळी डोळा उघडल्यापासून. लोक आधी लाजतात, मग सांगत सुटतात. महेशच्या घरच्यांनी दिवस सांगितला तेव्हा अरफानं सगळं ऐकलं होतं, आणि त्या सांगण्यातूनच घर वर आलं होतं. हे भोक मात्र कुणाच्याच दिवसात नव्हतं. ते कुठून आलं?

सर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघ, घर उत्तम झालंय. मलाही असं जमलं नसतं. पण गिऱ्हाईकाला जे नकोय ते ठेवायला मला कारण लागतं. तू कारण दे, मी महेशरावांशी बोलतो. कारण नसेल तर वीट. परवापासून रंग सुरू होतोय, गोटीराम मिस्त्रींचा आज शेवटचा दिवस आहे. संध्याकाळपर्यंत सांग मला." इतकं साधं. गोटीराम मिस्त्री कोपऱ्यात कमरेवर हात ठेवून ऐकतच होते. त्यांना दोन्ही गोष्टींची घाई होती, वीट लावायचीही आणि पिंपळगावला मेव्हण्याच्या साखरपुड्याला जायचीही. "मॅडम, मारू का वीट?" त्यांनी विचारलं. "संध्याकाळी," अरफा म्हणाली. "संध्याकाळ म्हंजे किती वाजता?" "मिस्त्री, संध्याकाळ म्हणजे संध्याकाळ." आणि ती निघाली, कारण नाशिकच्या द्वारका चौकातल्या स्टॉपवर मालेगावची गाडी आलेली असणार आणि अब्बा उतरून, पिशवी छातीशी धरून, रस्त्याच्या चुकीच्या बाजूला उभे असणार.

ते तसेच उभे होते. निसार चाचा म्हणून अख्खी गल्ली ज्यांना ओळखते ते निसार, पांढरा कुर्ता, मेंदीनं लाल झालेली दाढी. शुक्रवारी मालेगावचे माग बंद असतात म्हणून शुक्रवार धरून आलेले. अख्खं आयुष्य यंत्रमागावर काढलं, आता त्याच शेठकडे कापडाची थानं तपासायला बसतात. ऐकू येणं हळूहळू गेलं, एखाद्या मुक्कामाला आलेल्या पाहुण्यानं न सांगता निघून जावं तसं. घरात कुणाला ते कळलंसुद्धा नाही, कारण अब्बांशी तोंडानं बोलायची सवय मुळात होतीच कुणाला? अरफानं रिक्षात बसता बसता त्यांच्याकडं पाहून भुवया उडवल्या आणि पोटावर हात फिरवला. अब्बांनी मान हलवली : खाल्लंय, चांदवडला. झालं बोलणं.

शरणपूर रोडच्या कानाच्या दवाखान्यात त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानावर डबे लावले, आणि अरफा काचेच्या अलीकडून बघत राहिली. आवाज आला की बोट वर करा, असं तपासणाऱ्या पोरीनं सांगितलं होतं. अब्बा बोट वर करत नव्हते. ते शांत बसले होते, हात मांडीवर, आणि त्या शांत बसण्याकडं बघता बघता अरफाला एकदम तो आवाज ऐकू यायला लागला. मालेगावचा आवाज. त्यांच्या दोन खोल्या शेठच्या कारखान्याला चिकटलेल्या होत्या, मधे एकच भिंत. भिंतीपलीकडं माग चालायचे आणि अलीकडं आयुष्य. खटाखट खटाखट, दिवसभर, आणि लाइट असेल तर रात्रभर. पेल्यातलं पाणी थरथरत असायचं. अम्मीच्या बांगड्या टोपलीत ठेवल्या तरी वाजायच्या. अरफा लहानपणी समजायची, की जमीन अशीच असते, सगळीकडं, आतून हलणारी. शाळेच्या सहलीला गेली तेव्हा डोंगरावर झोपताना जमीन गप्प आहे म्हणून ती घाबरून रडली होती. पुढं नाशिकला आर्किटेक्चरला आली, होस्टेलच्या पहिल्या महिन्यात तिला झोप यायची नाही, आणि मैत्रिणी म्हणायच्या, किती शांत आहे ना इथं. शांत! तिला त्या शांततेचा राग यायचा. मग हळूहळू ती शांततेच्या प्रेमात पडली, इतकी, की तिच्या घरांचं सगळे तेच कौतुक करायला लागले : अरफाची घरं शांत असतात. त्यातही तिला अभिमान वाटायचा, आणि अभिमानाच्या खाली कुठं तरी, चपलेत खडा जावा तसं काही तरी टोचायचंही.

त्या भिंतीत एक भोक होतं.

काचेच्या अलीकडं उभ्या असलेल्या अरफानं स्वतःचा श्वास ऐकला. हो, होतं की! कितीदा तरी ती त्याच्यासमोर उभी राहिली होती. अम्मीच्या चुलीच्या बाजूला, अम्मीच्या छातीएवढ्या उंचीला, कुणी तरी कधी तरी चार विटा काढून केलेलं. अम्मी, म्हणजे गुलजारबी, तिथून चहाचा पेला पलीकडं द्यायची. हाक मारून उपयोग नव्हता, मागांच्या त्या गदारोळात बंदूक उडाली असती तरी कुणाला कळलं नसतं. म्हणून हात. अख्खा कारखाना हातांनी बोलायचा. दोन तर्जन्या एकमेकींपासून ओढल्या की धागा तुटला. पोटाचा घेर दाखवला की शेठ आला. बोटांचा झुबका तोंडाकडं नेऊन भुवया उडवल्या की जेवलात का. ती भाषा त्या भोकातून घरात आली आणि घराचीच झाली. धागा तुटला म्हणजे घरात काय झालं, का रडतेस, कुणाशी भांडलीस. अरफा बोलायच्या आधी ते सगळं शिकली होती. आणि ह्या सगळ्यात एक खूण फार भारी होती. थान पूर्ण तपासून झालं, की तपासणारा अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत हवा चोळायचा, जणू कापडच चोळतोय, आणि मग तळहात छातीवर ठेवायचा. माल पास. अब्बा ही खूण सहसा करत नसत. दहावीच्या निकालाच्या दिवशी अरफा शाळेत पहिली आली होती. धावत घरी आली, भोकापाशी उभी राहिली, कागद उंच धरला. अब्बांनी मागावरून मान वळवून पाहिलं, कागद वाचला, पुरता वाचला, तिला ठाऊक आहे. ती त्यांच्या उजव्या हाताकडं टक लावून बघत होती. हात वर आला. बोटांचा झुबका झाला, तोंडाकडं गेला. जेवलीस का?

तिनं अम्मीजवळ आदळआपट केली होती त्या दिवशी. अम्मी म्हणाली, अगं, त्यांना विचारू नकोस, ते असेच. पुढं कधी तरी अब्बाच बोलता बोलता म्हणाले होते, दुसऱ्याच कुणाबद्दल, "थान पूरा देखे बगैर छाती पे हाथ नहीं रखते, बेटा. आखरी गज में भी ऐब निकलता है." बरोबर आहे, अरफाला तेव्हा वाटलं, पण माणूस काय थान आहे? आणि दुखलं ते दुखलंच. नाशिकला नोकरी लागली, गल्लीत लोक विचारायचे, लडकी क्या करती है, अब्बा सांगायचे, नक्शे बनाती है. नक्शे! जशी काही ती पोस्टाच्या भिंतीवर टांगायचे नकाशे काढते. घर बांधते, असं ते एकदा तरी म्हणाले असते तर? खरं सांगायचं, तर आजचा सगळा बेत त्याच्यासाठी होता. कानाची तपासणी हे निमित्त. तिला अब्बांना ते घर दाखवायचं होतं, पूर्ण झालेलं, आखरी गज तक. आणि नेमकं आजच त्या थानात ऐब निघावी!

अब्बांच्या कानात मशीन बसवलं. आठ दिवस वापरून बघा, मग ठरवू, असं त्या पोरीनं सांगितलं. अब्बा रस्त्यावर आले आणि दोन्ही हातांनी कान झाकून उभे राहिले. "बेटा, ये तो सब एकसाथ बोलता है," ते मोठ्यानं म्हणाले. जुन्या नाशकात नमाज झाली, जेवण झालं, आणि ऊन कलायला लागलं तेव्हा दोघं मखमलाबादला पोचली. फाटकातच गोटीराम मिस्त्री. "मॅडम, झाली का संध्याकाळ?" अरफा अब्बांचा हात धरून आत शिरली. तिच्याकडं उत्तर होतं का? म्हणजे भोक कुठून आलं ते तिला दुपारी कळलं होतं. पण अमोल सरांना हे कारण सांगायचं? की माझ्या लहानपणी आमच्या भिंतीत भोक होतं म्हणून तुमच्या गिऱ्हाईकाच्या घरात भोक? सर हसले असते आणि त्यांचं बरोबरच होतं. दुसऱ्याच्या घरात आपलं लहानपण बांधायचा तिला काय अधिकार? तिला स्वतःचीच लाज वाटायला लागली. बुजवू या, तिनं ठरवलं. अब्बांना घर दाखवून होऊ दे, मग मिस्त्रींना सांगते.

पण अब्बांना घर दाखवावं लागलंच नाही, कारण अब्बा आपले आपणच घर बघायला निघाले होते. रिकाम्या घरात आवाज घुमत होते, ग्राइंडर चालू होतं, वर निकिता पडद्यांची मापं घेत मोबाइलवर कुणाला तरी ओरडून सांगत होती. अब्बांनी शांतपणे कानातून मशीन काढलं, डबीत ठेवलं, डबी कुर्त्याच्या खिशात टाकली, आणि सुटल्यासारखे चालू लागले. एकटेच. प्रत्येक खोलीत. अरफाला खालून दिसत होतं, ते दाराच्या चौकटीवरून अंगठा फिरवत होते, भिंतीच्या कोपऱ्यावरून, कडप्प्याच्या काठावरून. थानाची किनार तपासावी तसा, न उचलता, एका सरळ रेषेत. जिन्याच्या रुंद पायरीवर ते बसले. उठले. पुन्हा बसले. बारा गावच्या गिऱ्हाइकांसमोर ती बिनधास्त बोलायची, आणि इथं एक म्हातारा बिनकानाचा माणूस पायरीवर दोनदा बसला तर ती त्या पायरीची मापं मनात परत मोजायला लागली.

"तुझे वडील काय?" कुसाबाईंनी विचारलं. त्या सकाळच्याच खुर्चीत होत्या. घर बघायला त्या रोज सायखेड्याहून महेशच्या गाडीतून यायच्या आणि रोज त्याच खुर्चीत बसायच्या. वर त्या एकदाही गेल्या नव्हत्या, गुडघे जाऊ देत नव्हते. "हो," अरफा म्हणाली. "त्यांना ऐकू येत नाही." "आता मला तरी कुठं येतं धड? अन् येऊन तरी काय. वरचं काय ऐकू येतंय का खाली? लय मोठं झालंय घर. लय चांगलं झालंय, नाय म्हनत नाय मी. पन पोरं वर गेली की गेलीच बघ." मग एकदम रागावल्यासारख्या बोलल्या, "महेश म्हनतो, आई, फोन कर. माझ्याच घरात मी फोन करू का, जेवायला या म्हनून? आमच्या तिकडच्या घरात ओट्यावर बसलं की सगळं घर डोळ्यांपुढं. कोन उठलं, कोन रुसलं, सगळं कळायचं. इथं कळायचं कसं?" अरफा त्यांच्याकडं बघत राहिली. दिवस सांगताना ह्या बाई असं काहीच बोलल्या नव्हत्या. की बोलल्या होत्या? सकाळी उठते, चूल पेटवते, मग कोण उठलंय ते बघते. मग बघते. हे तिनं ऐकलं होतं, वहीत उतरवलं नव्हतं, आणि हातानं मात्र ते परस्पर नकाशात काढलं होतं.

तेवढ्यात वर, त्या भोकात, अब्बांचा चेहरा आला. लाल दाढी, पांढरी टोपी, मागं नव्या भिंतीचा पुट्टीचा पांढरा. त्यांनी खाली पाहिलं. अरफा दिसली. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिनं फार फार वर्षांत पाहिलं नव्हतं. काही चमत्कारिक नव्हे, ओळख. त्यांना ती जागा ओळखीची होती. त्यांनी दोन बोटांत पेल्याची कड धरल्यासारखं केलं : चहा मिळेल का? अरफाचा हात तिला न विचारता वर गेला, पाच बोटं पसरली : पाच मिनिटं. अब्बांनी तिचा चेहरा बघितला, जरा वाकून, नीट. आणि दोन तर्जन्या एकमेकींपासून ओढल्या. कुठं तुटला धागा?

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं भोकाकडं बोट दाखवलं आणि दोन्ही तळहात एकमेकांवर दाबले : हे बंद करायचंय. अब्बांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी भोकाच्या काठावर दोन्ही कोपरं टेकली, आपल्याच घरी असल्यासारखी, आणि हात उलटा केला. का?

"अगं, काय चाललंय तुमचं बाप-लेकीचं?" कुसाबाई म्हणाल्या. त्या पहिल्यांदाच खुर्चीत ताठ बसल्या होत्या. अरफानं सांगितलं. माग सांगितले, आवाज सांगितला, चार विटा काढलेली भिंत सांगितली, अम्मीचा चहा सांगितला. आपण हे सगळं गिऱ्हाईकाला काय म्हणून सांगतोय, असं एकदा मनात आलं, पण तोंड थांबलं नाही. शेवटी तिनं झुबका करून दाखवला. "आणि हे म्हणजे, जेवलात का." "म्हंजे वरडायचं नाय?" "नाही." "फोन नाय?" "नाही." कुसाबाईंनी स्वतःचा हात पुढं धरला. सुरकुतलेला, द्राक्षाच्या छाटणीनं बोटं जाड झालेला हात. त्याचा झुबका केला, तोंडाकडं नेला, आणि मान मागं टाकून, इतक्या जोरात भुवया उडवल्या, की डोक्यावरचा पदर घसरला. वर अब्बांच्या शेजारी निकिता येऊन उभी होती, हातात माप घ्यायचा टेप. "आई, काय करताय?" तिनं ओरडून विचारलं. "वरडू नको!" कुसाबाई त्याहून मोठ्यानं ओरडल्या. "हातानं सांग, जेवायला येती का नाय!" निकितानं अब्बांकडं पाहिलं. अब्बांना ह्यातलं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं, पण समजलं सगळं होतं. त्यांनी तिला दोन्ही पंजे पसरून दाखवले. निकितानं टेप काखेत मारला आणि खाली दहा बोटं दाखवली. दहा मिनिटं. आणि फिसकन हसली.

"आलं!" कुसाबाई म्हणाल्या. "आलं उत्तर!"

पुढं अर्थातच तहाच्या अटी झाल्या. निकिता म्हणाली, "ठीक आहे, राहू दे खिडकी. पण माझ्या बाजूनं झडप पाहिजे. लावायची की उघडायची, ते मी ठरवणार." कुसाबाई म्हणाल्या, "लाव की झडप, मला काय. जेवायच्या वक्ताला उघडी ठेव म्हंजे झालं. अन् मी हाक मारली न् तू झडप लावून बसलीस तर मग बघ." महेश फाटकातून आत आला तेव्हा त्याची आई वर बघून हातवारे करत होती आणि बायको वरून वाकून उत्तरं देत होती. त्यानं अरफाकडं असं पाहिलं, की तिला बोलावंच लागलं. "महेशराव, ती खिडकी राहतेय." "मॅडम, मी ह्या दोघींच्यामध्ये बोलत नाही," महेश म्हणाला. "तुम्हीही बोलू नका."

तिनं अमोल सरांना फोन लावला. "सर, कारण सापडलं." "बोल." "खालची हाक वर जात नाही. घर शांत आहे ना. मी शांत केलंय ते. मग माणसांनी एकमेकांना दिसायला तरी पाहिजे." मग सर म्हणाले, "हे तू सकाळी का नाही सांगितलंस?" "सकाळी मला माहीत नव्हतं." सर हसले. "आणि बाकीच्या घरांत?" "त्यांतही हेच होतं, सर. मनीप्लँट ठेवला त्यांनी, तो भाग वेगळा." हे बोलताना तिचा आवाज जरा चढलाच, आणि तो चढू दिला तिनं. आता ती कुणाच्या घरात चोरून काही आणत नव्हती. मालेगावच्या दोन खोल्यांतून, अम्मीच्या चुलीपासून, जे होतं ते ती उघड उघड घेऊन आली होती, आणि ते सायखेड्याच्या कुसाबाईंना लागू पडलं होतं. हे तिचं होतं. कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. तिला मनातून इतका अभिमान वाटला, की तिथल्या तिथं एक गिरकी घ्यावी. पण साइटवर गिरक्या घेत नाहीत, म्हणून ती गोटीराम मिस्त्रींकडं वळली. "मिस्त्री, वीट नाही मारायची. काठ गोल करा चारही बाजूंनी. लोक कोपरं टेकवणार तिथं." मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "गोल म्हंजे अजून तासभर. साखरपुडा तिकडं उरकला असंल." "मेव्हण्याला सांगा, मॅडमनं अडवलं." "सांगतो. पन मॅडम, गोलच बरं दिसंल," असं म्हणत त्यांनी थापी उचललीसुद्धा.

अब्बा अजून वरच होते. निकिता निघून गेली होती, भोकात ते एकटे. मिस्त्री शिडी लावतायत ते त्यांनी पाहिलं, थापी पाहिली, आणि वीट नाही हेही पाहिलं. मग त्यांनी अंगठा भोकाच्या काठावरून फिरवला. खालची कड. उजवी. वरची, टाचा उंचावून. डावी. सगळीकडून एक फेरा पूर्ण करून अंगठा जिथून निघाला तिथं आला, आणि थांबला. अरफा खाली जेवणघराच्या मधोमध उभी होती. ग्राइंडर बंद झालं होतं. तिला दहावीचा कागद आठवला नाही, काहीच आठवलं नाही. ती फक्त त्यांच्या उजव्या हाताकडं बघत होती.

हात उचलला गेला. अंगठा आणि दोन बोटांची चिमूट झाली. अब्बांनी हवा चोळली, हळू, एकदा, जरा थांबून पुन्हा एकदा. आणि तळहात छातीवर ठेवला. ठेवून तिथंच राहू दिला.

एवढी वर्षं ह्या खुणेची वाट पाहिली, पण उत्तर काय द्यायचं ते अरफाला कुणी शिकवलंच नव्हतं. कारखान्यात त्या खुणेला उत्तर नसतंच, थान काय उत्तर देणार? ती तशीच उभी राहिली, गालांवरून पाणी ओघळत होतं ते तिनं पुसलंही नाही. मग तिचा हात आपसूक वर गेला. पाचही बोटांचा झुबका झाला, तोंडाकडं गेला, भुवया उडाल्या. दोघं दुपारी एकाच ताटात जेवली होती, तरी तिनं विचारलं.

जेवलात का, अब्बा?